पन्नासावी पिशवी

पिपरी मेघे, वर्धा
सोमवार, दुपार

प्रिय मोनाली,

सप्रेम जय भीम.

पत्र पाहून घाबरू नकोस. मी जिवंत आहे, तुझी मामी ठणठणीत आहे. फोनवर मी चार वाक्यं बोललो की मला धाप लागते आणि पाचव्या वाक्याला तू 'मामा, आता आराम करा' म्हणून फोन ठेवून देतेस. कागदावर तुला तसं करता येणार नाही. तू मास्तरीण, तेव्हा लाल पेन घेऊन बसशील हे मला ठाऊक आहे, पण एवढ्या वेळेला चुका पोटात घाल. जे सांगायचं आहे ते मलाच अजून धड उमजलेलं नाही, त्यामुळे मागचं पुढे आणि पुढचं मागे होणार. आपल्या वस्तीतला नागसेन उद्या कामानं आष्टीला येतो आहे, त्याच्या हाती पाठवतो. त्याला चहा पाज, पण तो गेल्यावरच पत्र उघड.

माझ्या तब्येतीचं तुला मी 'फुफ्फुसाचा जुना त्रास, औषध बदललं' एवढंच सांगितलं होतं. ते अर्धवट होतं. झालं असं की सहा डिसेंबरला नागसेनच्या मंडळाच्या पोरांनी विहारात रक्तदान शिबिर घेतलं. माझं वय सदुसष्ट. पासष्टीनंतर घेत नाहीत हे मला माहीत आहे, दोन वर्षं ते ऐकूनच परत येतो आहे. पण एकोणपन्नास वेळा झालं होतं आणि पन्नासावं बाकी होतं. तू माझ्या सत्काराचं बोलून बसलेली, हार कुठून आणायचा इथवर ठरवलेलं. म्हणून मी आधार कार्ड घरी राहिलं असं सांगून चौसष्ट वय लिहिलं. त्याआधी महिनाभर मामीनं मला बीट, खजूर, अंबाडीची भाजी आणि गूळ-शेंगदाणे चारून रक्त तयार ठेवलं होतं. तपासणीच्या मुलीनं बोट टोचलं, मशीनवर हिमोग्लोबिनचा आकडा आला, एकोणीस पॉइंट चार. नागसेन ओरडला, "भैयाजी, एकोणीस हाये तुमचं! अख्ख्या वस्तीत कोणाचं नाई!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्याकडे बायांना आठ आणि नऊच्या पुढे रक्त माहीत नाही, तिथे एकोणीस म्हणजे काय विचारतेस. मी छाती काढून खाटेवर जाऊन झोपलोसुद्धा.

पण ती मुलगी टाळ्या वाजवत नव्हती. ती माझ्या नखांकडे पाहत होती. मग ओठांकडे पाहिलं आणि म्हणाली, काका, उठा, तुमचं घेता येणार नाही, डॉक्टरला दाखवा. मी तिच्यावर चिडलो. घरी येताना आकड्याची ती चिठ्ठी चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून घेतली. हो, हस. मामीही हसली होती. ती चिठ्ठी पंधरा दिवस माझ्या खिशात होती आणि जो भेटेल त्याला मी दाखवत होतो. पंधराव्या दिवशी पायांवर अशी सूज आली की चप्पल चढेना, तेव्हा मामीनं मला रिक्षात कोंबून दवाखान्यात नेलं. तिथे हर्षा मॅडम म्हणून डॉक्टर आहेत, तुझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील. मी त्यांनाही ती चिठ्ठी दाखवली, शाबासकीसाठी. त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, काका, हाच तर तुमचा आजार आहे.

इथून माझा घोळ सुरू झाला, तो अजून चालू आहे. जन्मभर ऐकलं की रक्त कमी म्हणजे आजार. रक्त जास्त म्हणजे आजार, हे कोणत्या पुस्तकात आहे? मॅडमनी कागदावर हृदयाचं चित्र काढून समजावलं. मी वीस-बावीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये रुईचा भुस्सा ओढला, वर बिडी होतीच, त्यानं फुफ्फुस निकामी होत आलं. हवा आत जाते पण तिच्यातला प्राणवायू रक्तात उतरत नाही. बोटाला ती प्राणवायू मोजायची चिमटी लावली तर चौऱ्याऐंशी दाखवते, तुझं लावशील तर अठ्ठ्याण्णव येईल. मग शरीर घाबरतं आणि लाल पेशी वाढवतं, की वाहणारे जास्त असले तर थोडा तरी प्राणवायू पोचेल. मला ते जिनिंगसारखं वाटलं. कापसाच्या गाड्या कमी येऊ लागल्या म्हणून मालकानं हमाल वाढवले, आता दारात हमालांचीच एवढी गर्दी की गठाण बाहेर निघत नाही. मॅडम म्हणाल्या, अगदी असंच. बीट-खजुरानं काही झालेलं नाही म्हणे, मामीनं तेवढ्यानंच सुटकेचा निःश्वास टाकला.

दुसरा घोळ दाबाचा. माझं ब्लड प्रेशर दंडाला पट्टा लावून मोजलं, एकशे सव्वीस-अठ्ठ्याहत्तर. नवरदेवासारखं. मी म्हटलं, दाब तर चांगला आहे. तर म्हणे हा दाब वेगळा आणि तो वेगळा. हृदयाची उजवी बाजू फुफ्फुसाकडे रक्त ढकलते, तिथल्या नळ्या आकसल्या आहेत, त्यात रक्त काकवीसारखं घट्ट, म्हणून तिथला दाब अडीच-तीन पट झाला आहे आणि उजवी बाजू थकत चालली आहे. पायावरची सूज त्याची. हा दाब पट्ट्यानं कळत नाही, छातीवर मशीन फिरवून पाहावा लागतो. एकाच माणसात दोन दाब, एक नवरदेवाचा आणि एक म्हाताऱ्याचा. म्हणजे बाहेरून मोजलं तर माणूस ठीक, आणि आत कुठेतरी इतक्या वर्षांचा दाब साचलेला, हे मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होतो. मामीला समजावायला गेलो तर ती म्हणाली, "तुमालेच समजलं नाई तं मले काय सांगता!" बरोबर आहे तिचं.

उपाय दोन. एक, घरी ऑक्सिजनची मशीन, दिवसातले पंधरा-सोळा तास नाकात नळी. ती आली आहे, आता हे लिहितानाही घुरघुरते आहे. दुसरा, हातातून तीनशे मिली रक्त काढून टाकायचं आणि तेवढं सलाईन द्यायचं, म्हणजे रक्त थोडं पातळ होईल आणि हृदयाचं ओझं हलकं होईल. मामी म्हणाली, "ज्याच्यात नाई त्याले चढवते अन् ज्याच्यात हाये त्याचं काढते, मंग बरोबरच हाये." मलाही पटलं. मी तर खूशच झालो. म्हटलं मॅडम, काढा, आणि ते गरजूला द्या, माझं पन्नासावं होऊन जाईल. तर त्या म्हणाल्या, काका, आजारी माणसाचं आणि तुमच्या वयाचं रक्त कोणाला देता येत नाही. ते आम्ही नियमाप्रमाणे नष्ट करतो.

मोनाली, ते ऐकून मला जे झालं ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. नष्ट. माझ्या तोंडून निघून गेलं, "मंग नाई काढायचं." मॅडमनी समजावलं, मामीनं समजावलं. पायाच्या सुजेचं, सकाळच्या डोकेदुखीचं, बोलता बोलता मला डुलकी लागते त्याचंही सांगितलं. रक्ताची गाठ होऊन मेंदूत जाऊ शकते हेही सांगितलं. मी आपला ऐकतो आहे आणि डोळ्यासमोर ती पिशवी कचऱ्यात जाते आहे. एक गुरुवार दिला होता, मी गेलो नाही. मामी तुला फोन करणार होती, मी तिला तुझी शपथ घातली. मॅडमनी पुढचा गुरुवार दिला, म्हणजे मागच्या आठवड्यातला. त्या दिवशीचं सांगायचं आहे, पण त्याआधी तुझ्या वाढदिवसाचं सांगावं लागेल.

तुला आठवतं ना, अकरा डिसेंबरला मी सकाळी अंघोळ करून सायकलनं वर्ध्याला जायचो आणि दुपारी परत आलो की तू फाटकात उभी असायचीस. रक्त दिल्यावर केळं आणि बिस्किटाचा पुडा देतात. केळं मी तिथेच खायचो, पुडा तुझा. चौथीत असताना तू वर्गात सांगितलंस की माझा मामा माझ्या वाढदिवसाला रक्त विकून बिस्किटं आणतो, आणि गुरुजींनी मला शाळेत बोलावलं होतं. पुढे तू मोठी झालीस, तुला त्याचा अभिमान वाटू लागला. आई वारली त्याच दिवशी आपला मामा दुसऱ्याला जीवदान देतो, असं तू भाषणात म्हणालीस, मी पहिल्या रांगेत बसलो होतो. लोक माझ्याकडे वळून पाहत होते आणि मी चप्पल शोधत होतो. नोकरी लागल्यावर तू माझी सगळी सर्टिफिकेटं गोळा करून, फ्रेम करून घरच्या भिंतीवर लावलीस. त्या भिंतीकडे तोंड करून मी जेवत नाही, तुझ्या कधी लक्षात आलं का? मामीच्या आलं आहे, पण तिला वाटतं पंखा त्या बाजूला आहे म्हणून.

आता मागच्या गुरुवारचं. मामी दवाखान्यात नंबर लावायला पुढे गेली, मी रिक्षावाल्याला पैसे देतो म्हणून फाटकाशी थांबलो. आत जायचं होतं. खरंच जायचं होतं. आणि पाय वळले. कसे वळले ते माहीत नाही, धाप लागत होती तरी थांबत थांबत चालत राहिलो, आणि भानावर आलो तेव्हा मी एसटी स्टँडवर बसलेलो होतो आणि माझ्या हातात चहा होता. कोणी दिला, पैसे मी कधी दिले, काही आठवेना. मॅडम म्हणतात प्राणवायू कमी पडला की माणूस असा गोंधळतो. असेल. पण पाय दुसरीकडे कुठे गेले नाहीत, तिथेच गेले. कारण चव्वेचाळीस वर्षांपूर्वीही ते तिथेच गेले होते.

तुझी आई, माझी आनंदाबाई, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तू पहाटे घरीच झालीस. चांगली रडलीस. रक्त मात्र थांबेना. जिनिंगचा ट्रक गावातून रिकामा जात होता, त्यात गादी टाकून तिला वर्ध्याला नेलं, तू तुझ्या आजीच्या ओटीत. तुझे वडील आष्टीला, त्यांना निरोप पोचायचा होता. डॉक्टर म्हणाले दोन बाटल्या रक्त लागेल, नात्यातल्यांनी द्या. आजीचं जुळलं नाही. माझं जुळलं. मला चिठ्ठी दिली आणि सांगितलं की खालच्या खोलीत जाऊन खाटेवर झोप. मी तेवीस वर्षांचा होतो, गठाणी ओढायचो, एका हातानं तुझ्या आईला उचलून ट्रकमध्ये ठेवलं होतं. तेव्हा जिनिंगमधल्या हमालांत अशी पक्की समजूत होती की एकदा रक्त दिलं की माणसाची ताकद कायमची जाते, लग्नाच्या कामाचाही राहत नाही. आजीनं जिन्यावर माझा हात धरला आणि म्हणाली, "बाबू, तू रगत देशीन तं घरात कमावन कोन?" ती रडत होती, एका लेकराला वाचवायचं तर दुसरं जाईल असं तिला वाटत होतं. पण आजीवर काही टाकायचं नाही. ती बोलली फक्त, पाय माझे होते. मी खालच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. आत एका माणसाच्या हातातून नळीनं बाटलीत रक्त उतरत होतं, ते पाहिलं आणि बाहेर पडलो. स्टँडवर जाऊन चहा प्यालो. एक नाही, दोन. चिठ्ठी खिशात होती. दीड-दोन तासांनी परत आलो आणि सांगितलं की जिनिंगमधून माणसं आणायला गेलतो, कोणी भेटलं नाही.

तोवर सगळं संपलं होतं.

घरात तुला नेहमी सांगितलं गेलं की रक्त मिळालं नाही म्हणून आई गेली. ते खोटं नाही, आणि खरंही नाही. रक्त स्टँडवर चहा पीत होतं. आजीनं तिच्या मरणापर्यंत मला एका शब्दानं विचारलं नाही. पुढच्या वर्षी तुझ्या वाढदिवसाला मी पहिल्यांदा त्या खोलीत गेलो, खाटेवर झोपलो आणि बाटली भरली. उठून सायकल चालवत घरी आलो, काही म्हणजे काही झालं नाही, ताकद तशीच. तो दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट होता. त्या दिवशी फाटकात तू नव्हतीस, तुला नुकतं उभं राहता येत होतं. मी पुडा तुझ्यासमोर ठेवला आणि तू तो कागदासकट चावलास.

आता मला सांग, मी काय करायचं? तुझे वाढदिवस आणि मधली काही शिबिरं धरून एकोणपन्नास वेळा मी कोणाला तरी दिलं, त्यातली कोणी बाळंतीणही असेल. मला वाटायचं, पन्नास झालं की थांबेन. का पन्नास, माहीत नाही. आणि आता पन्नासावी पिशवी निघेल ती कोणाच्याच कामाची नाही. त्यातही मॅडमनी अजून एक घोळ घालून ठेवला. मी विचारलं, इतकी वर्षं रक्त देत होतो त्यानं काही बिघडलं का? तर म्हणाल्या, तुम्ही दम लागतो हे फॉर्मवर लपवत होता ते वाईटच, पण दरवेळी थोडं निघत गेल्यामुळे तुमचं रक्त इतक्या लवकर घट्ट झालं नसेल, तुम्हाला कदाचित मदतच झाली असेल, नक्की सांगता येत नाही. म्हणजे शेवटची काही वर्षं मी देत होतो की स्वतःचं ओझं उतरवत होतो? हेही विचारलं की समजा चव्वेचाळीस वर्षांपूर्वी एक बाळंतीण होती आणि तिला दोनातली एक बाटली वेळेवर मिळाली असती तर? त्या म्हणाल्या, सांगता येत नाही, काका. मला हो चाललं असतं, नाही चाललं असतं. हे 'सांगता येत नाही' मला झेपत नाही.

मामी मला शोधत स्टँडवर आली तेव्हा तिच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता. शेजारी बसली, माझा उरलेला चहा प्याली आणि म्हणाली, "पुढच्या गुरुवारी मी तुमचा हात धरूनच नेईन." तिला अजून यातलं काही माहीत नाही. आधी तुला सांगायचं ठरवलं आहे.

तर येत्या गुरुवारी दहा वाजता मला त्या खाटेवर झोपायचं आहे, आणि यावेळी मी झोपणार आहे. पिशवी कचऱ्यात जाणार असली तरी. बिस्किटाचा पुडा मिळणार नाही, मी विचारून घेतलं. रक्त काढण्याआधी एका नातेवाईकाची सही लागते. मामीची चालते, पण मी मॅडमना सांगितलं आहे की माझ्या बहिणीची मुलगी आष्टीहून येईल. हे पत्र त्यासाठी. सही झाल्यावर सांगितलं असतं तर ती पुन्हा एक फसवणूक झाली असती, म्हणून सहीच्या आधी. माफ कर असं मी लिहिणार नाही, ते जिच्याकडे मागायचं ती नाही, आणि तुझ्यावर ते ओझं कशाला. तू आलीस तर आईसारखी चालत येशील, मला लांबूनच कळेल. आणि फाटकापर्यंत येऊन तुझे पाय वळले, तू स्टँडवर जाऊन बसलीस, तरी मला ते समजेल, माझ्याइतकं कोणालाच समजणार नाही. मी बारापर्यंत वाट पाहीन, मग मामी सही करेल. फक्त उपाशी बसू नकोस. तिथला चहा आता चांगला राहिला नाही, पण बिस्किटं मिळतात.

तुझाच,
भैयामामा